सावनेरला लिनक्स बसवलं, त्याची गोष्ट

हल्ली दुकानात येणारा दर तिसरा माणूस लिनक्स मागतो. विंडोजच्या जुन्या आवृत्तीची देखभाल थांबली, नवी आवृत्ती जुन्या मशीनवर चढायला तयार नाही, आणि घरातल्या कुठल्यातरी भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. "भाऊ, ते फुकटवालं टाकून द्या ना. विंडोजसारखंच दिसते म्हणतात." सात-आठ वर्षांपूर्वी याच लोकांना मी हेच सांगत होतो, तेव्हा मी त्यांना मोटारीला बैल जुंपायला सांगतोय असा चेहरा करून ते शेजारच्या दुकानात गेले होते. चांगल्या गोष्टीकडे माणूस ती चांगली आहे म्हणून जात नाही. वाईटाने कंबरड्यात लाथ घातली की जातो.

मी काही वेगळा नव्हतो. मला लाथ जरा आधी बसली, एवढंच. आणि खरं सांगायचं तर ती मला बसलीच नाही. नागपूरजवळच्या सावनेरच्या दोन बायकांना बसली.

नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारात, साड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर मी अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत आलोय. घर कोष्ट्याचं. बाबा मागावर बसायचे. माझ्या हाती रेडिओ आला, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. दहावीनंतरचं शिक्षण स्क्रू-ड्रायव्हरने झालं.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा दोन मिनिटांत सांगता येतो. मशीन म्हणजे नुसतं पत्रा आणि तांबं. तुम्ही कळ दाबता, पडद्यावर अक्षर उमटतं, प्रिंटरमधून कागद निघतो. ही सगळी उठाठेव करणारा एक कारभारी आत बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज हा त्यातला एक कारभारी, त्याला परवाना लागतो. लिनक्स दुसरा. तो जगभरच्या लोकांनी मिळून घडवला. कोणीही घ्यावा, उघडून पाहावा, आपल्या सोयीने बदलावा.

आमच्या गल्लीत परवाना कोणी घेत नव्हतं. विंडोज चोरीची, आणि परवाना असल्याची थाप तिला मारणारा एक छोटा प्रोग्राम. त्याला क्रॅक म्हणायचं. क्रॅक चालवण्याआधी व्हायरस पकडणारा प्रोग्राम बंद करावा लागे. म्हणजे चोर येणार म्हणून गुरख्याला चहा प्यायला पाठवायचं. मग महिन्याभरात मशीन रडू लागे, ग्राहक परत येई, आणि आम्ही गंभीर चेहऱ्याने सांगू, "फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्याने बसवणं. सर्दी झाली, पाय मुरगळला, सासूशी भांडण झालं, तरी एकच इंजेक्शन टोचणारा डॉक्टर असावा, तसे आम्ही इंजिनिअर. हो, बाजारात आम्हाला इंजिनिअरच म्हणायचे. आणि आम्ही म्हणू द्यायचो.

या इंजिनिअरकीतलं सगळ्यात तयार वाक्य होतं, "तुम्हीच काहीतरी उघडलं असेल." बिघाड कसलाही असो, ग्राहकाकडे पाहून हे म्हणायचं. ग्राहकाने काही ना काही उघडलेलं असतंच. तो ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

त्या काळात एकच माणूस मला प्रश्न विचारायचा. धोटे सर. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, खांद्याला शबनम, आणि शबनममध्ये लिनक्सच्या तबकड्या. महिन्यातून एकदा माळ्यावर चढून यायचे आणि मला संगणक-स्वातंत्र्य समजावायचे. "अहो, तुम्ही लोकांना गुलाम करताय," असं भर दुपारी, मी प्रिंटरच्या पोटात हात घालून बसलेलो असताना. मी एकदा विचारलं, "सर, यावर मराठी टायपिंग होते का? प्रिंटर चालते का?" सर म्हणाले, "ते तपशील आहेत." या माणसाचं स्वातंत्र्यावर इतकं प्रेम होतं की त्याला कित्येक वर्षांत एक कागदसुद्धा छापावा लागला नव्हता. त्यांच्या तबकड्या मी चहाच्या कपाखाली ठेवायचो.

सावनेरच्या मंदाताई मेश्राम माझ्या जुन्या ग्राहक. तहसीलजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान. प्रतिज्ञापत्रं, फेरफाराचे अर्ज, आणि मुख्य काम जातीच्या दाखल्याचं. त्यासाठी वंशावळ लागते: पणज्यापासून नावं, कोण कोणाचा मुलगा, कोणाचं नाव कुठल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे. खेड्यातून माणूस येतो तो कापडात बांधलेले कागद आणि अर्धवट आठवणी घेऊन. ते सगळं जुळवायचं काम मंदाताई आणि त्यांची धाकटी जाऊ वंदना मिळून करायच्या. वंदना माणसाला बोलतं करायची, जुनी अक्षरं लावायची आणि वाचून दाखवायची. मंदाताई पडद्याकडे न पाहता, बोटांच्या सवयीने टाइप करायच्या. मी दोनदा त्यांच्या दुकानात गेलो होतो. एक बोलते आहे आणि दुसरीच्या बोटांतून अक्षरं पडताहेत, मध्ये जरासुद्धा अंतर नाही. तहसीलच्या आवारात लोक त्यांना ‘दोघी’ म्हणायचे. "दोघींकडे जा, होऊन जाईन," असं.

एका सोमवारी मंदाताई मशीन चादरीत गुंडाळून बसने आल्या. मानकापूरला उतरून ऑटोने जरीपटका, आणि मग ते ओझं घेऊन माझा जिना.

"जयभीम भाऊ. काय झालं पाहा ना जी. फाइली दिसतात, उघडत नाहीत."

मी मशीन लावलं. सगळ्या फाइली होत्या. नावंही होती, फक्त प्रत्येक नावाला शेवटी एक विचित्र शेपूट चिकटलेलं. सोबत इंग्रजीत चिठ्ठी: तुमच्या फाइलींना कुलूप घातलं आहे, किल्ली हवी तर अमुक इतकी रक्कम पाठवा. अकरा वर्षांचं काम. कुलूप असं की मी सोडा, माझ्यापेक्षा दसपट हुशार माणसालाही ते उघडता आलं नसतं.

आठच दिवसांपूर्वी हे मशीन माझ्याकडे येऊन गेलं होतं. इंटरनेटवरून उतरवलेली एक नवी क्रॅक मीच माझ्या पेनड्राइव्हवरून त्यात चालवली होती. हे मला त्या क्षणी आठवलं. नाही आठवलं असं लिहिलं तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. पण आठवण डोक्यात पुरती येण्याआधी तोंडाने आपलं काम करून टाकलं.

"ताई, बाहेरची पेनड्राइव्ह लावली होती का कोणी?"

मंदाताई विचार करू लागल्या. "वंदनानं आणली होती. तिच्या भावाच्या लग्नाचे फोटो दाखवाले."

"मग त्यातूनच आला," मी म्हणालो. "तुम्ही लोक काहीही लावता."

त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "मी तिले हजार वेळा सांगतलं होतं." आणि चादर घडी करायला लागल्या.

त्याच आठवड्यात एका वकिलाचा लॅपटॉप आला, तसंच शेपूट. मग खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या एका फिटरचं मशीन. तिन्ही मशीन एकाच आठवड्यात माझ्या हाताखालून गेलेली, तिन्हींत तीच क्रॅक. वकिलाला मी नव्याने सगळं बसवून दिलं आणि विषय टाळला. फिटरलाही तसंच. मंदाताईंचं मशीन कोपऱ्यात पडून होतं. त्यात पुन्हा क्रॅक घालायला हात उचलेना. बाबांच्या लुगड्यात कधी धागा चुकला तर ते गिऱ्हाइकासमोर स्वतः त्या जागेवर बोट ठेवायचे, आणि आईला त्याचा राग यायचा. हे मला उगाच आठवत राहिलं. लहानपणी तो मला बाबांचा बावळटपणा वाटायचा.

शेवटी धोटे सरांना फोन केला. सर विजयी मुद्रेने आले. पहिला तासभर त्यांनी मला स्वातंत्र्याचा इतिहास सांगितला आणि मी तो ऐकला. ही शिक्षा मला मान्य होती. मग तबकडी घातली आणि अर्ध्या तासात लिनक्स बसलं. सुंदर, झटपट, कुठे परवाना नाही, थाप नाही. जुनं मशीन नव्यासारखं पळू लागलं. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो. मूर्ख माणसाला सुटल्यासारखं फार लवकर वाटतं.

मशीन घेऊन मी स्वतः सावनेरला गेलो. दुकानात दोन खुर्च्या होत्या, एक रिकामी. मंदाताईंनी बसून टायपिंग सुरू केलं आणि तिसऱ्या शब्दाला थांबल्या.

"हे काय होय?"

"लिनक्स आहे ताई. व्हायरस येत नाही." हेही तसं अर्धंच खरं, पण असो.

"व्हायरस नाही येत, मराठीही नाही येत! ‘ळ’ कुठी गेला? ‘र’चा रफार कुठी? अकरा वर्षांपासून माझं बोट इथं जाते भाऊ, आन् तुमचा कम्प्युटर मले भलतंच अक्षर देऊन राहिला!"

त्यांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या कळांवर शिकलेली. लिनक्समध्ये मराठीसाठी वेगळीच मांडणी होती, आणि टाइपरायटरची जी मिळाली ती हिंदीची. आपला ‘ळ’ तिथे अडगळीत टाकलेला. त्यात प्रिंटर कागद ओढायचा आणि कोरा बाहेर टाकायचा. स्कॅनर तर ओळखच देईना. मंदाताईंकडे अंगठा लावून अर्ज करायला आलेला एक म्हातारा बाकावरून हे सगळं पाहत होता. तो म्हणाला, "बाई, हाताने लिहून दे वं, मले बस पकडाची आहे."

मंदाताईंनी त्याला हाताने लिहून दिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "चांगला सुधरवला."

नागपूरला परत येऊन मी लिनक्सवाल्यांच्या चर्चामंचावर इंग्रजीत मोडकातोडका प्रश्न टाकला. काय लोक आहेत! एकाने लिहिलं, आधी माहितीपुस्तक वाचा. दुसऱ्याने लिहिलं, तुम्ही चुकीचं लिनक्स निवडलं. याचे शंभर प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकाराचा भक्त इतर नव्व्याण्णवांना अडाणी समजतो. तिसऱ्याने विचारलं, तुमच्या टायपिस्टला नवी मांडणी शिकवत का नाही? बरोबर आहे. पन्नाशीच्या बाईने बोटं बदलावी, म्हणजे तुमच्या प्रोग्रामला त्रास नको.

पण चौथा एक भला माणूस होता. कुठला कोण, कळलं नाही. त्याने दोन ओळी लिहिल्या: कळांची मांडणी एका साध्या फाइलमध्ये असते, अमुक ठिकाणी, उघड आणि बदल.

माळ्यावरच्या एका मशीनवर लिनक्स टाकून मी ती उघडली. खरंच साधी फाइल. एकेका ओळीत एकेक कळ आणि तिच्यापुढे तिचं अक्षर. इतकी वर्षं कॉम्प्युटरच्या धंद्यात काढली होती, पण आतल्या कारभाऱ्याने असं पान समोर धरून "कर, काय बदलायचं ते कर" म्हणावं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदा घडलं. मी एका ओळीतलं अक्षर पुसलं, तिथे ‘ळ’ लिहिला, मशीन बंद करून चालू केलं आणि कळ दाबली. पडद्यावर ‘ळ’ आला. माळ्यावर मी एकटाच होतो आणि मोठ्याने हसलो. धोटे सरांनी इतकी वर्षं स्वातंत्र्य-स्वातंत्र्य करण्यापेक्षा ही एक फाइल दाखवली असती, तर मी त्यांच्या तबकड्यांवर चहा ठेवला नसता.

पुढच्या खेपेला मी सावनेरला मंदाताईंच्या शेजारी रिकाम्या खुर्चीत बसलो. त्या डोळे मिटून बोट टेकवायच्या आणि सांगायच्या, "इथं ‘ळ’. इथं रफार. शिफ्ट दाबून ‘ज्ञ’." मी ओळी बदलत गेलो. प्रिंटर आणि स्कॅनरही मार्गी लागले. दुपारपर्यंत त्यांनी एक अख्खी वंशावळ टाइप केली. एकदाही थांबल्या नाहीत अक्षरासाठी. पण दर दोन ओळींनी थांबत होत्या, मान वळवून कागद वाचायला. आधी वाचायचं, मग टाइप करायचं, मग पुन्हा शोधायचं कुठे होतो.

"वंदनाताई नाही आल्या?" मी विचारलं.

"ते नाही येत आता." टाइप करतच म्हणाल्या. "रोडच्या त्या बाजूले बसते. तिनं आपलं वेगळं टाकलं. मी बोलली तिले त्या दिवशी. लय बोलली. अकरा वर्षांचं काम तुझ्या भावाच्या लग्नात गेलं म्हनलं. तर म्हणे, मी लावलीच नाही पेनड्राइव्ह, घरी इसरली होती. खोटं बोलते! तुमी नसतं सांगतलं तर मीही तिचं खरं मानलं असतं."

बाहेर कोणी अर्जासाठी हाक मारत होतं. मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.

"ताई," मी म्हणालो, "त्या खरं बोलल्या. पेनड्राइव्ह माझी होती."

मग सगळं सांगितलं. क्रॅक, वकील, फिटर, सगळं. मंदाताईंची बोटं कळांवरच होती. त्या ओरडल्या नाहीत. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं.

"म्हणजे त्या दिवशी मी चादर घडी करत होती, तवा तुमाले ठाऊक होतं?"

"हो."

"आन् मी बसमधून घरी गेली, तिले सगळ्यांच्या समोर उभी केली, तवाही?"

"तेव्हाही."

"काहून सांगतलं नाही जी?"

सवय, हे काही उत्तर नव्हे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यामुळे मला कोणी इंजिनिअर म्हटलं की अजूनही कानशील तापतं. मग त्या उठल्या, पायांत चप्पल घातली. "चला. हे मले नोका सांगू. तिले सांगा."

रस्त्यापलीकडे एका झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर वंदनाताईंनी टेबल टाकलं होतं. लहानसं मशीन, वर ताडपत्री. आम्हा दोघांना येताना पाहून त्या उठल्या नाहीत. मी पुन्हा सगळं सांगितलं; दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. बाकावरचे तीन-चार लोकही ऐकत होते. मंदाताई माझ्या मागे उभ्या होत्या.

वंदनाताईंनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग माझ्यावरून नजर काढून जावेकडे पाहिलं.

"हा तर परका माणूस होय. यानं खोटं सांगतलं, तर सांगतलं. मी सतरा वर्षांपासून तुमच्या घरात राहून राहिली, ताई. मी रडून सांगतलं, लावली नाही. तुमी याचं मानलं."

मंदाताई म्हणाल्या, "चुकली मी."

"हो," वंदनाताई म्हणाल्या, आणि समोरच्या माणसाचे कागद हातात घेतले.

त्या परत आल्या नाहीत. कथा-कादंबरीत येतात. मी तीन-चार वेळा मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, तेव्हा वंदनाताईंनी मला एकदाच आणि स्वच्छ सांगितलं, "भाऊ, तुमी मशीनचं पाहा. माणसाइचं राहू द्या, तिथं तुमाले काही येत नाही." मात्र दोन महिन्यांनी त्यांचंच बोलावणं आलं. त्यांचं मशीनही व्हायरसने बसलं होतं. कोणा दुसऱ्या इंजिनिअरची कृपा. "तेच टाका, ताईले टाकलं ते. आन् अक्षरंही तशीच."

मी टाकलं. मंदाताईंची फाइल उचलून जशीच्या तशी ठेवली. तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं. वेगळी करण्याचा आळस केला, एवढंच.

जरीपटक्यात परतल्यावर मी दुकानात क्रॅक बंद केली. वकिलाला आणि फिटरला बोलावून खरं काय ते सांगितलं. वकील कोर्टात खेचीन म्हणाला, खेचलं नाही, पण पुन्हा जिना चढला नाही. इतर ग्राहकांना मी म्हणू लागलो, परवान्याची विंडोज घ्या नाही तर लिनक्स. दहातले आठ शेजारी गेले. तिथे त्यांना क्रॅक मिळाली, फॉरमॅट मिळालं, आणि "तुम्हीच काहीतरी उघडलं असेल" हेही मिळालं. त्यांचं भलं होवो. उरलेल्या दोघांतला एक हमखास महिन्याने येऊन म्हणायचा, पत्त्यांचा तो खेळ कुठे आहे? खरं सांगायला निघालेल्या माणसाला एवढा पसारा आवरावा लागतो, हे धोटे सरांच्या भाषणांत कुठे नव्हतं. सर मात्र खूश होते. माझ्या दुकानाला ते क्रांती म्हणायचे. क्रांतीत गिऱ्हाइकं कमी होतात, हा त्यांच्या मते तपशील.

मंदाताईंच्या हरवलेल्या फाइली परत मिळाल्या नाहीत. लोकांच्या घरच्या छापील प्रतींवरून त्यांनी जमतील तितक्या पुन्हा टाइप केल्या. काही माणसांना दाखल्यासाठी वर्षभर जास्त थांबावं लागलं. त्यातल्या कोणालाही माझं नाव माहीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी बऱ्याच दिवसांनी सावनेरला गेलो. लिनक्सची नवी आवृत्ती आली होती आणि त्यात कळांची मांडणी बिघडण्याची भीती होती, म्हणून मीच निघालो. मंदाताईंच्या दुकानात पोचलो तर खुर्ची रिकामी आणि मशीन चालू. पाहिलं तर बाई रस्त्यापलीकडे, ताडपत्रीखाली, जावेच्या मागे उभ्या.

"ते नवीन आलं ना, त्याच्यात रफार गायब झाला," वंदनाताई सांगत होत्या. "तुमचा?"

"माझाही झाला होता. त्या फाइलीत जाय. खाली जाय. आनखी खाली. तिथं ‘र’ आहे, तो काढ, रफार टाक." मंदाताईंनी वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "काल मी केलं. घंटाभर लागला मले."

"काल काहून नाही सांगतलं मग? मी सकाळपासून हातानं लिहून राहिली!"

"तू इचारलं का?"

मला पाहून दोघी थांबल्या. मी म्हणालो, मी त्यासाठीच आलो होतो, करून देतो. वंदनाताईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "राहू द्या भाऊ. होऊन राहिलं."

सबंध तालुक्यात ती मांडणी फक्त त्या दोघींच्या मशीनवर आहे. अडलं तर एकमेकींनाच विचारावं लागतं. अजूनही त्या दोन दुकानांतच बसतात, रस्त्याच्या दोन बाजूंना, आणि सणालाही एका घरात जेवतात की नाही, मला ठाऊक नाही. विचारायची माझी लायकी नाही. त्या दिवशी मला कोणी चहाही विचारला नाही. मी बसस्टँडकडे चालू लागलो, तेव्हा मागून वंदनाताईंचा आवाज आला. कोणाच्या तरी पणज्याचं नाव त्या मोठ्याने वाचत होत्या, आणि वाचता वाचता मंदाताईंना विचारत होत्या की हे अक्षर ‘म’ की ‘भ’.